नेम लागत नसेल तर रिव्हॉल्वर घरात ठेवावे काय?

आमच्या थोरल्या अक्काच्या घरी, मराठवाड्यातल्या एका खेड्यात, लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात बावीस वर्षे एक रिव्हॉल्वर होते. कानपूरच्या सरकारी कारखान्यात तयार झालेले, पॉइंट बत्तीस बोअरचे, सहा गोळ्यांचे, रीतसर परवान्याचे. नातवंडांना त्याचा पत्ता नाही असे घरात सगळे समजत होते आणि गावातल्या शेंबड्या पोरालासुद्धा ते ठाऊक होते. २०२५ साली ते ठेवावे की देऊन टाकावे, हा प्रश्न आमच्या कुटुंबापुढे आला. उत्तर सोपे वाटत होते, पण ते निघायला पाच महिने लागले. निवृत्त सैनिक, बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहणारे रखवालदार, अत्याचाराच्या प्रकरणानंतर परवाना मिळालेली माणसे, अशी घरे आपल्या समाजात आहेत. त्यांच्यापुढेही हा प्रश्न आज ना उद्या येणार, म्हणून लिहीत आहे. दाजींनी लिहायला संमती दिली, फक्त गावाचे नाव घालू नको म्हणाले.

दाजी महार रेजिमेंटमध्ये होते. १९७३ साली भरती झाले, सागरला ट्रेनिंग झाले, सतरा वर्षे नोकरी करून १९९० साली नाईक म्हणून पेन्शनवर आले. रायफलवर त्यांचा हात चांगला बसलेला होता, आणि ते सांगताना आजही त्यांची छाती फुगते. गावी आल्यावर वडिलांनी कसलेल्या तीन एकर गायरानात ते राबू लागले. भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ सालचा. सरकारच्या कागदावर निर्णय झाला, गावाच्या मनात काही झाला नाही. २००१ च्या सुगीला उभ्या ज्वारीत जनावरे घातली गेली. अडवायला गेलेल्या दाजींना मारहाण झाली, रात्री पत्र्यावर दगड पडले, गिरणीवाला दळण घेईना. गुन्हा नोंदवायला आम्हाला तीन खेपा घालाव्या लागल्या.

तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. परवान्याचा अर्ज मीच भरला. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आणि त्याचे नियम १९९५ चे. त्यातला तिसरा नियम आपल्या कार्यकर्त्यांनी जरूर वाचावा. ज्या भागात अत्याचार होण्याची शक्यता आहे तेथे शासनाने आधीच काय करायचे, ते त्यात दिले आहे. इतरांचे शस्त्रपरवाने रद्द करून हत्यारे जमा करून घ्यायची, बेकायदा हत्यारे जप्त करायची, आणि गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी परवाने द्यायचे. मी त्या नियमाची प्रत अर्जाला जोडली. टेबलावरच्या माणसाने ती दोनदा वाचली आणि म्हणाला, असा नियम आहे होय! २००३ साली परवाना हातात पडला.

त्या दिवशी घरात सण होता. त्याचे कारण शहरात वाढलेल्या तरुणांना कळणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकरांसारख्यांनी अर्ज लिहिले. बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. हातातले हत्यार काढून घेतले म्हणजे माणसाची किंमत काय उरते, हे आपल्या आज्या-पणज्यांनी भोगले आहे. त्यामुळे ते काळेभोर रिव्हॉल्वर पाटावर ठेवले तेव्हा आमच्या आईने डोळ्यांना पदर लावला होता.

रिव्हॉल्वर आल्यावर दगड थांबले. हे खरे आहे आणि मी ते लपवणार नाही. दाजी म्हणत, बघ, धाक बसला. मी म्हणे, खटल्याच्या तारखा चालू होत्या, आरोपींना जामीन सांभाळायचा होता, म्हणून थांबले. दोघेही आपापल्या जागी ठाम. त्याचा निकाल आजवर लागलेला नाही.

परवान्याची मुदत २०२६ च्या सुरुवातीला संपणार होती. पूर्वी ती तीन वर्षांची असे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांची झाली. कागदपत्रे गोळा करताना मी सवयीप्रमाणे काडतुसांचा हिशेब मागितला. दाजींची वही चोख होती. २२ वर्षांत घेतली २५, झाडली ११, शिल्लक १४. म्हणजे सरासरी दोन वर्षांत एक गोळी! मी म्हणालो, “दाजी, नूतनीकरणाला टाकण्याआधी एकदा चालवून तर बघा.” त्यांना राग आला. “मला शिकवतो का रे? एसएलआर चालवलीय मी.”

तरीपण एप्रिल महिन्यात जिल्ह्याच्या ठिकाणी रायफल क्लबच्या रेंजवर परवानगी काढून आम्ही गेलो. दहा मीटरवर कागद लावला. दाजींनी पाय रोवले, हात लांब केला आणि सहा वेळा चाप ओढला. एक काडतूस फुसके निघाले, पाच उडाले. कागदाला भोक एकच होते, तेही कोपऱ्यात. मग सात मीटरवर आलो. सहापैकी दोन. तिथल्या शिकवणाऱ्या गृहस्थांनी, तेही माजी सैनिक, काही न बोलता आधी चहा मागवला. दाजी बाकावर बसून आपल्या हाताच्या तळव्याकडे बघत राहिले. सत्तर वर्षांच्या माणसाला असे बसलेले पाहणे मला जड गेले.

मग त्या गृहस्थांनी समजावले आणि ते समजण्यासारखे आहे. रायफल खांद्याला टेकते, दोन्ही हातांत बसते, तिची नळी लांब असते. रिव्हॉल्वरची नळी तीन इंचांची. मागची खाच आणि पुढचा दाणा यांत जेमतेम चार-साडेचार इंच अंतर. नेम धरताना दाणा एक मिलिमीटर जरी हलला तरी दहा मीटरवर गोळी आठ-नऊ सेंटिमीटर सरकते. रायफलवर तेवढ्याच चुकीला गोळी दोन सेंटिमीटरच्या आसपास सरकेल. मी तेथेच पाकिटाच्या मागे त्रैराशिक मांडून पाहिले, बरोबर निघाले. शिवाय घोडा मागे न ओढता नुसता चाप दाबला तर तो इतका कडक की म्हाताऱ्या बोटाने दाबताना सगळे मनगटच खाली जाते. त्यात दाजींच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले. लांबचा माणूस स्पष्ट दिसतो, पण हाताच्या टोकावरचा दाणा धुरकट. ज्याच्यावर नजर ठरायला हवी तोच दिसत नाही.

“म्हणजे माझा दोष नाही,” दाजी म्हणाले.

“दोष कोणाचाच नाही,” ते गृहस्थ म्हणाले. “पण उरलेल्या गोळ्या कुठं जातात, ते तुम्ही घरी जाऊन बघा.”

घरी जाऊन आम्ही खरोखर पाहिले. आपले बौद्धवाडे कसे असतात ते वाचकांना सांगायला नको. अक्काच्या दारापासून समोरच्या घराची भिंत सात पावलांवर. भिंत म्हणजे पत्रा, आणि पत्र्याच्या पलीकडे दोन लेकरांची आई झोपते. दगड मारणारा मधल्या बोळात उभा राहणार, आणि सहापैकी चार गोळ्या त्या पत्र्यात जाणार. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिला आहे. पूर्वी तो भारतीय दंड विधानात होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहे. परंतु हल्लेखोराला सोडून शेजारणीला लागलेल्या गोळीचा जबाब आपल्याला स्वतःलाच द्यावा लागतो. आणि कोर्टात काय होते हा नंतरचा भाग झाला. ती बाई तर रोज अक्काकडे पाण्याला येते.

त्या रात्री जेवणे झाल्यावर अक्का बोलली. इतके दिवस ती या विषयावर एक शब्द बोलली नव्हती.

“२०१२ सालची गोष्ट. आपलं पोरगं वाळूजच्या कंपनीत नवं लागलं होतं. मोबाइल बंद पडलेला, शेवटच्या एसटीनं उतरून रात्री साडेअकराला चालत आलं. आवाज नको म्हणून मागच्या बाजूनं आलं. हे उठले, कपाट उघडलं, अंधारात दारामागं उभे राहिले. घोडा ओढल्याचा आवाज मी ऐकला. पोरगं ‘आई’ म्हणालं म्हणून बरं. तेरा वर्षं झाली, मी कुणाला सांगितलं नाही. तुलाबी नाही.”

दाजी खाली मान घालून बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिले नाही.

अक्का पुढे म्हणाली, “आणि परवा धाकट्या नातवानं मला विचारलं, आजी, कपाटाची किल्ली तू पिठाच्या डब्यात का ठेवतीस?”

तो नातू आठ वर्षांचा आहे.

असे असूनही निर्णय लगेच झाला नाही, आणि तो झाला नाही हेच बरे झाले. कारण दुसरी बाजू खोटी नव्हती. आमच्याकडे विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन असते. त्या वर्षी अहिंसेचे प्रकरण आले त्या रविवारी दाजींनी स्वतःच उठून विषय काढला. एका उपासिकेने विचारले की पंचशील घेणाऱ्याने घरात हत्यार ठेवावेच कसे? बाबासाहेबांनी या प्रकरणात फार मोलाचा भेद केला आहे. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. बुद्धाने अहिंसा हे तत्त्व म्हणून सांगितले, आंधळा नियम म्हणून लादले नाही, असे त्यांचे म्हणणे. सिंह सेनापतीचा प्रसंगही त्याच ग्रंथात आहे. तेव्हा ज्याच्या दारावर दगड पडले त्याने रक्षणासाठी हत्यार बाळगले तर तो धम्मातून बाहेर गेला, असे म्हणता येणार नाही. त्या उपासिकेला हे पटले. मात्र ती एवढे म्हणाली की, गरज ओळखायला माणूस शांत पाहिजे. रात्री साडेअकराला अंधारात कोण शांत असतो? तिला २०१२ ची गोष्ट माहीत नव्हती.

मग एक तरुण कार्यकर्ता उठला. हुशार मुलगा, कायद्याचे शिक्षण घेतो. तो म्हणाला, “काका, आपण परवाने मागतो आणि ते मिळत नाहीत. तुम्हाला मिळालेला तुम्ही परत करणार? उद्या साहेब म्हणतील, तुमचे लोकच परत करतात, मग मागता कशाला?” सभेत टाळ्या पडल्या. टाळ्या मीही वाजवल्या, कारण तो खरे बोलत होता.

रात्रभर मी त्याच्या बोलण्याचा विचार केला. वाणिज्य शाखेचा माणूस, मला खातेवहीच्या भाषेतच सुचते. समाजाचा हक्क हे एक खाते आणि दाजींच्या बोळातली रात्र हे दुसरे खाते. तिसऱ्या नियमाखाली परवाना मागायचा हक्क आपला आहे, तो भांडून घेतला पाहिजे आणि तो कोणाच्या बापाची मेहेरबानी नाही. पण एका नाइकाला दाणा दिसत नाही, ही नोंद त्या हक्काच्या खात्यात टाकता येत नाही. तशी टाकली तर समाजाच्या मानासाठी शेजारणीच्या पत्र्याला भोक पडेल. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला गाठून हे बोललो. तो म्हणाला, “पटतंय, पण आवडत नाही.” मलाही आवडत नव्हते.

दाजींनी मार्ग काढला तो फौजी माणसाचा. ते म्हणाले, “भांडायचं नाही. टार्गेट ठरवू.” रेंजवरच्या गृहस्थांनी कसोटी घालून दिली. सात मीटर अंतर, जेवणाच्या ताटाएवढा गोल, सहापैकी सहा. तीन महिने सराव. जमले तर ठेवायचे, नाही जमले तर द्यायचे. अक्काने एक अट घातली की तीन महिने किल्ली तिच्या कमरेला राहील.

मे ते जुलै दर दुसऱ्या रविवारी दाजी एसटीने रेंजवर जात. परवान्यावर वर्षाला जितकी काडतुसे लिहिलेली तितकी घेतली. पेन्शनमधून बराच पैसा गेला. घोडा आधी ओढून मग हलके चाप दाबायला शिकले, दोन हातांची पकड शिकले, दाणा दिसावा म्हणून वाचायचा चष्मा लावून पाहिला. तेव्हा दाणा दिसला, पण समोरचा कागद नाहीसा झाला! जुलैच्या शेवटी सहापैकी चार ताटात बसले. पुढच्या खेपेला तीन. ते दिवसाढवळ्या, पाय रोवून, कोणी अंगावर येत नसताना. घरी आल्यावर त्यांनी कागद उलगडून अक्कापुढे ठेवला आणि म्हणाले, “नापास.”

मला वाटते, माणसाची मर्दुमकी कशात असते याविषयी आपल्याकडे फार चुकीच्या समजुती आहेत. दाजींनी १९७३ पासून जी काही हिंमत दाखवली असेल, तिच्यात तो एक शब्द मी वरच्या ओळीत लिहीन.

मुलाच्या नावावर करायचा मार्ग होता. २०१६ च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षे बाळगले, यांतले जे आधी होईल तेव्हा कायदेशीर वारसाला अर्ज करता येतो. मी फोनवर भाच्याला सांगितले. तो म्हणाला, “मामा, त्या नळीसमोर मी एकदा उभा राहिलोय. मला नको.” पुढे बोलण्यासारखे काही नव्हते.

आणखी एक गोष्ट अक्काच्या ध्यानात आली ती आम्हा दोघा हिशेबी पुरुषांच्या आली नव्हती. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या. आचारसंहिता लागली की हत्यार ठाण्यात जमा. दोन्ही वेळचे मिळून चार महिन्यांच्या वर ते घरात नव्हते, आणि ही गोष्ट गावाला माहीत होती. “त्या चार महिन्यांत कुणी दगड मारला का?” अक्काने विचारले. दाजींकडे उत्तर नव्हते. माझ्याकडेही नव्हते, कारण माझ्या बाजूचे उत्तर असूनही ते मला कधी सुचले नव्हते.

ज्यांना हे करायचे असेल त्यांच्यासाठी रीत थोडक्यात सांगतो. हत्यार कोणाला परस्पर देऊ नये, शेतात पुरू नये, विहिरीत टाकू नये. असे करणारे लोक आहेत. विकायचे असेल तर जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवावे लागते, आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवस थांबून परवानाधारक विक्रेत्याला किंवा परवाना असलेल्या माणसाला देता येते. विकायचे नसेल तर ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करता येते. काडतुसेसुद्धा मोजून द्यायची. प्रत्येक कागदाची पोच घ्यायची आणि तिची झेरॉक्स दोन घरांत ठेवायची. परवानाधारक वारला तर घरच्यांनी हत्यार कपाटात तसेच ठेवू नये, ते बेकायदा होते. आपल्या कितीतरी माजी सैनिकांच्या विधवांना हे कोणी सांगत नाही.

विकण्यावरून विहारात पुन्हा एक शंका निघाली. शस्त्रांचा व्यापार उपासकाला वर्ज्य, मग हे कसे? आमच्या येथील वयस्कर बौद्धाचार्य हसून म्हणाले, एक जुने रिव्हॉल्वर विकणारा व्यापारी झाला, तर एक म्हैस विकणारा गवळी झाला म्हणायचा.

सप्टेंबरमध्ये दाजी आणि मी ठाण्यात गेलो. तिथल्या अंमलदाराने रिव्हॉल्वर पाहिले, परवाना पाहिला आणि विचारले, “निवडणूक तर अजून जाहीर नाही झाली, आत्ताच जमा करायला का आलात?” दाजी म्हणाले, “नेम लागत नाही.” त्याने लेखणी खाली ठेवून त्यांच्याकडे पाहिले. मला वाटते, त्या टेबलावर हे कारण पहिल्यांदाच आले असावे.

मुदत सरल्यावर विक्रेत्याकडून जे पैसे आले त्यातून बोळाच्या दोन्ही टोकांना दिवे लागले. एक अक्काच्या मीटरवर, एक समोरच्या घराच्या. मागच्या दाराला लोखंडी अडसर बसला. ११२ आणि अत्याचारविरोधी मदतीचा १४५६६ हे दोन नंबर नातवाने खडूने भिंतीवर मोठ्या अक्षरांत काढले. चार घरांनी ठरवले आहे की रात्री एकाने थाळी वाजवली की बाकीच्यांनी दिवे लावून बाहेर यायचे. सातबाऱ्याच्या आणि जुन्या खटल्याच्या प्रती मी फाइलला लावल्या. अत्याचार कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने पीडित व साक्षीदारांच्या संरक्षणाचे कलम १५-अ घातले आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. हे दोन्ही २००१ साली असते तर गिरणीवाल्याला दळण नाकारणे इतके सोपे गेले नसते.

दिवे लागल्यावर आठ दिवसांनी गावात बातमी उठली की, दाजींनी जुने देऊन नवीन घेतले, आता बारा गोळ्यांचे आहे म्हणे. पारावर कोणीतरी त्यांना विचारलेसुद्धा. दाजी काही बोलले नाहीत, नुसते हसले. अक्काने घरी त्यांना धारेवर धरले, चौथं शील मोडलं म्हणून. दाजी म्हणाले, “मी खोटं बोललो का? मी तर गप्प बसलो.” अक्का अजून त्यांच्याशी यावरून भांडते.